साठ पावलांची तूर

जीवनने गळ्यातलं ओळखपत्र काढून तांड्याच्या नायकाच्या, खेमसिंगच्या, हातात दिलं. नायकाने ते हातभर लांब धरलं, फोटोतल्या जीवनकडे आणि समोरच्या जीवनकडे आळीपाळीने पाहिलं, आणि शेजाऱ्याकडे सरकवलं. मग ते निळ्या फितीचं कार्ड सेवाभायाच्या मंदिरासमोर बसलेल्या चाळीस-पन्नास माणसांच्या हातांतून फिरत राहिलं. बायकांनी फीत ओढून पाहिली. विठ्ठलरावांनी कार्ड उलटं करून मागे काही लिहिलंय का ते बघितलं. मागे काही नव्हतं.

बाजाराचा दिवस होता, म्हणून कापसाचा वेचा बंद होता आणि भर दुपारी एवढी माणसं जमली होती. विठ्ठलराव तांड्यातले नव्हते, शेजारच्या गावचे. त्यांचं वावर तांड्याच्या वावरांना लागून, म्हणून तेही येऊन बसले होते, आणि त्यांच्यासाठी बोलणं बंजाऱ्यांची गोरबोली सोडून मराठीत चाललं होतं. जीवन आदल्या रात्री शेवटच्या बसने दिग्रसला उतरला होता. सकाळी अकरापर्यंत झोपला. उठल्यावर बायको, शीला, म्हणाली की आधी वावरात एक चक्कर टाकून या. तो म्हणाला, बैठक होऊ दे, मग जातो. ती आणखी काही बोलणार होती, पण तोवर तो तोंड धुवायला गेला होता.

"मंग काय ठरलं?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"काहीच नाही ठरलं," जीवन म्हणाला.

दिग्रसच्या आसपासच्या तीस गावांतल्या कापूसवाल्यांचा गट जीवन चालवत असे. नागपूरच्या एका संस्थेने त्याला विमानाचं तिकीट काढून दिलं होतं. जगातल्या दीडशेहून जास्त देशांचे व्यापारमंत्री एका परक्या शहरात जमणार होते, आणि श्रीमंत देश आपापल्या कापूसवाल्यांना जे अनुदान देतात ते कमी करायचं की नाही, यावर तिथे बोलणी व्हायची होती. ते कमी झालं तर जगाचा भाव चढेल, आणि आज ना उद्या तो दिग्रसच्या जिनिंगपर्यंत पोचेल, असं जाण्याआधी जीवनने याच जागेवर उभं राहून सांगितलं होतं. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. आता लोक भाव ऐकायला आले होते, आणि हा म्हणतो काहीच नाही ठरलं.

मग त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज चढत गेला. पहिला दिवस नुसत्या भाषणांत गेला. एकेका मंत्र्याला तीन मिनिटं, आणि प्रत्येकाने शेतकऱ्याचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवसापासून खऱ्या खोल्या सुरू झाल्या. एक कागद असतो, त्यावर ठरावाच्या ओळी असतात, आणि ज्या ओळीला कुणाची हरकत असेल ती ओळ चौकोनी कंसात टाकतात. पाच दिवस जगातली मोठी मोठी माणसं कंस काढायचं आणि कंस घालायचं काम करत होती. कापसाच्या पानावर पहिल्या दिवशी नऊ कंस होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी एकच उरला.

हे त्याला कळायचं ते संस्थेच्या उज्ज्वला मॅडमकडून. जीवनच्या कार्डाला आत शिरायची मुभा नव्हती. ते कार्ड गळ्यात घालून फक्त बोळात उभं राहायचं, चहाच्या मशीनपाशी, आणि दार उघडलं की बाहेर येणाऱ्याचं तोंड वाचायचं. बाळंतिणीच्या खोलीबाहेर पुरुष उभे असतात ना, तसे आम्ही शंभर-दीडशे लोक उभे होतो, असं तो म्हणाला. बायका हसल्या.

"मंग त्या एका कंसाचं काय झालं?" हा आवाज रुखमाबाईचा होता. ती बायकांच्या शेवटच्या रांगेत बसली होती. पन्नाशी उलटलेली, एकटी बाई. तिचं तीन एकराचं वावर पार टोकाला, नाल्याच्या काठावर होतं.

जीवन तिच्याकडे वळला. हाच प्रश्न त्याला हवा होता. सगळे कंस काढून झाले होते, सगळे तयार होते, असं त्याने सांगितलं. मंत्री दमले होते, परिषद एक दिवस वाढवली होती, कुणाची विमानं सुटत होती. एक देश अडून बसला. एकच. त्याच्या मंत्र्याला मधल्या माणसांनी चारदा बोलावलं. तो हॉटेलातून खालीच येईना. शेवटी आला आणि म्हणाला, आम्हाला अजून विचार करावा लागेल, पुढच्या परिषदेत पाहू. पुढची परिषद दोन वर्षांनी. तेवढं बोलून गडी गाडीत बसला.

"दीडशे हो म्हणतात आणि एक जण नाही म्हणते, तं त्या एकाचं चालते," जीवन म्हणाला. "एकाचं."

"त्याचं जात काय होतं?" रुखमाबाईने विचारलं.

"काय जाणार? त्याच्या एवढ्या पसाऱ्यात चिमूटभर. त्याले समजलंही नसतं गेलं म्हणून."

"मंग काहून नाही म्हणला?"

"म्हणे, आधी समोरच्यानं द्यावं, मंग मी देतो."

रुखमाबाईने मान हलवली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली पाहिलं. मागे कुणीतरी खोकलं. जीवनच्या ते लक्षात आलं नाही, कारण आता तो रंगात आला होता.

त्याला खरा राग होता तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि त्याने तो तिथून रोज तांड्याच्या ग्रुपवर बोलून पाठवला होता. पाच-पाच मिनिटांचे आवाज. तिथे हात वर करून मतं मोजत नाहीत. खोलीत हजर असलेल्यांपैकी कुणी नाही म्हटलं नाही, की ठराव झाला. जो हजरच नाही त्याचंही हो धरतात. श्रीमंत देशांची शंभर शंभर माणसं येतात. गरीब देशाची दोन. एकाच वेळी सहा खोल्यांत बोलणी चालतात. दोन माणसं सहा खोल्यांत कशी बसणार? ती एका खोलीत असतात तेव्हा दुसऱ्या खोलीत त्यांच्या नावावर हो चढलेलं असतं. आफ्रिकेतल्या एका देशाचा म्हातारा अधिकारी त्याने जिन्यावर बसलेला पाहिला होता. दोन्ही हातांत दोन खोल्यांचे कागद, आणि कुठल्या दाराने जावं ते त्याला कळत नव्हतं.

"हा कोणता न्याय?" जीवनने विचारलं. "माणूस नाही, तं त्याचं हो? मोठ्याले नाही म्हणता येते, गरिबाच्या नावावर हो चढते. आणि शेवटी तरी काय? नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे."

तो खाली बसला. घसा कोरडा पडला होता. त्याच्या मनासारखं बोलणं झालं होतं, तरी छातीतला जाळ कमी झाला नव्हता. नऊ दिवस परक्या मुलखात उभं राहून पाय सुजले होते आणि हातात काही आलं नव्हतं. शीलाने तांब्या पुढे केला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

खेमसिंग नायक म्हणाला, "आयकले तुहे आवाज आम्ही. दोन-दोन खेपा आयकले. चांगलं समजावून सांगतलं तू." त्याने फेटा काढून मांडीवर ठेवला. नसाबाचं, म्हणजे तांड्याच्या पंचायतीचं, काम सुरू करताना तो असाच फेटा काढून ठेवी. "आता आपलं."

जीवनने तांब्या खाली ठेवला.

"बुधवारी मशीन आलती," नायक म्हणाला. "सरकारी. दोन दिवस होती. पांदण करून गेली."

पांदण म्हणजे तांड्यापासून नाल्यापर्यंत वावरांमधून जाणारी गाडवाट. काळ्या मातीची. पावसाळ्यात तिथे बैल गुडघाभर रुतत आणि दिवाळीनंतरही मधल्या खोलगट भागात चिखल सुकत नसे. पलीकडच्या अकरा वावरांचा कापूस डोक्यावर येई. वाट उंच करून, दोन्ही अंगांना नाली काढून, मुरूम टाकायचं दोन वर्षांपूर्वीच ठरलं असतं. अडलं होतं ते साठ पावलांवर. तेवढ्या अंतरात एका बाजूला शेजारी भावसिंगची बांधीव विहीर होती, त्यामुळे रस्त्याची सगळी रुंदी दुसऱ्या बाजूने, जीवनच्या तुरीतून घ्यावी लागत होती.

जीवनचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. तिढा नेहमी तिथेच पडतो, नाही म्हणणाऱ्याजवळ कारण असतंच. ती विहीर खणली तेव्हा जीवनच्या बापाने तिथवर जायला आपल्या वावरातून वाट दिली होती, आणि त्या मोबदल्यात कुणी काडीही दिली नव्हती. त्याची आई मानीबाई हे अजून उगाळत असे. आता जीवन म्हणत होता, मी देतो, पण भावसिंगने आधी तेवढीच जमीन विहिरीखालच्या अंगाने मला द्यावी. भावसिंग म्हणत होता, जमीन देतो, पण नाल्याकडची. दोघंही अडून होते आणि दोघंही नसाबात एकमेकांना अदबीने बोलत. दोन वर्षांत सात बैठका झाल्या होत्या. पुढच्या बैठकीची तारीख प्रत्येक वेळी नायक जाहीर करी.

"मशीन आली, अन् मी नव्हतो," जीवन म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं. "मंग? केला माह्या वावरातून रस्ता?"

भावसिंग बोलला. त्याने आधी घसा साफ केला.

"मी म्हणलं होतं तसं. खोटं कायले बोलू. मी म्हणलं, जीवन इथं नाही, तोच म्हणून राह्यला का जो हजर नाही त्याचं हो धरतात. लावा त्याचाच नियम त्याले. ग्रुपवर त्याच्याच आवाजात हाय."

काही जण हसले. जीवनच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. बरंच काही बोलावंसं वाटलं त्याला, पण जे बोलायचं ते सगळं तो पाच मिनिटांपूर्वी बोलून बसला होता.

"नाही लावला," खेमसिंग नायक म्हणाला. "तो नियम त्याइचा. आपला येगळा हाय. आपले आजे-पंजे बैलांवर मीठ अन् धान्य घेऊन फिरायचे, तवा शेवटच्याची गोणी बैलावर चढल्याबिगर तांडा हालत नव्हता. मागं राह्यला तो रानात मरे. म्हणून शेवटच्याचं हो पाह्यजे. हो पाह्यजे, गप्प राहून नाही चालत."

"मंग मशीन?"

"तुले फोन लावला. तीनदा."

"आत फोन जमा करा लागे, नायक."

हे खरं नव्हतं. आत जाणाऱ्यांचे फोन जमा होत असत, जीवन तर बोळात होता. बुधवारी दुपारी चहाच्या मशीनपाशी खिशातला फोन थरथरला तेव्हा त्याने नाव वाचलं होतं. नायक कधी उगाच फोन करत नाही. पांदणीचंच असणार हे त्याला लगेच कळलं, आणि एवढ्या मोठ्या कामात असताना ते साठ पावलांचं लचांड नको म्हणून त्याने फोन पालथा करून पुन्हा खिशात टाकला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही. त्या रात्री त्याने ग्रुपवर आवाज पाठवला, तो त्या हॉटेलातून खाली न उतरणाऱ्या मंत्र्याबद्दल. चांगला सात मिनिटांचा होता.

नायकाने फोनचा विषय वाढवला नाही. तो म्हणाला, "मशीनवाला दारव्ह्याकडं गेला. आठ दिवसांत बोलावलं तं वापस येईन. नाही तं पुढच्या साली. रुखमाबाईचा दुसरा वेचा वावरात पडून हाय. वाहणाऱ्या बाया भेटत नाहीत. आता तू बोल."

सगळे जीवनकडे पाहू लागले. भावसिंगही. त्याच्या नजरेत आज भांडण नव्हतं, आणि तेच जीवनला जड गेलं. दोन वर्षं ज्या हट्टाला त्याने मुद्दा म्हटलं, तो सगळ्यांसमोर एका दुपारी कसा सोडायचा? आई घरी काय म्हणेल? तीस गावांच्या गटाचा म्होरक्या, परदेशात जाऊन आलेला, आणि आल्या पावली नमला, असं भावसिंग बाजारात सांगणार नाही कशावरून? हो म्हणायला एक अक्षर लागतं. ते त्याच्या जिभेपर्यंत आलंही होतं.

"मले जरा विचार करू द्या," तो म्हणाला. "पुढच्या बैठकीत पाहू."

बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. निळ्या फितीचं कार्ड फिरत फिरत परत आलं होतं, ते विठ्ठलरावांनी त्याच्या मांडीवर ठेवलं.

"पुढची बैठक अमावास्येले," खेमसिंग नायक म्हणाला आणि फेटा बांधू लागला. अमावास्या बारा दिवसांवर होती. लोक पिशव्या उचलून बाजाराला गेले.

घरी मानीबाईने भाकर वाढली. बैठकीतलं तिच्या कानावर आलंच होतं. ती खूश होईल असं जीवनला वाटलं होतं, निदान बापाने दिलेल्या वाटेचा विषय काढेल. तिने काही काढलं नाही. शीलाने दिवा लावला, पोरींना जेवू घातलं, आणि एवढंच सांगितलं की वावरात जायचं राहिलंय.

सकाळी तो गेला. थंडी होती, तुरीच्या शेंगा दवाने ओल्या होत्या. तांड्याबाहेर पडल्याबरोबर त्याच्या पायाला नवी पांदण लागली. उंच, सरळ, दोन्ही बाजूंना नाली. मुरूम अजून सैल होता, पण त्यावरून ट्रॅक्टर सहज गेला असता. त्याला रागही आला आणि कौतुकही वाटलं. नीट काम केलं होतं लेकांनी. पाचशे पावलं तो त्यावरून चालला आणि त्याच्या वावराच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, पांदण कापल्यासारखी संपली.

जुनी गाडवाट इथे अजून चिखलात बुडालेली होती, आणि तिच्या कडेला त्याची तूर उभी होती, कमरेच्या वर, शेंगांनी लगडलेली. तिच्या पलीकडे पुन्हा तीच उंच पांदण सुरू झाली होती आणि नाल्याकडे जात होती. अकरा वावरं तिच्या काठाने. मशीन तुरीला वळसा घालून, भावसिंगच्या कापसातून पलीकडे नेली होती. साखळीच्या चाकांखाली कापसाच्या दोन ओळी भुईसपाट झालेल्या दिसत होत्या. हे भावसिंगने बैठकीत सांगितलं नव्हतं.

जीवन धुऱ्यावर उभा राहिला. या साठ पावलांच्या दोन्ही टोकांना माणसांनी दगड मांडून ठेवले होते, मशीनवाल्याला हद्द कळावी म्हणून. आतल्या एकाही झाडाला धक्का लागला नव्हता. एक सोडून. कडेचं एक झाड मशीनचा पंजा लागून मधोमध चिरलं होतं. त्याला कुणीतरी पळाटीची, वाळल्या कापूसझाडाची, काडी लावून चिंधीने आवळून बांधलं होतं. चिंधी ओढणीच्या काठाची, लाल, तिच्यावर जुन्या टाक्यांत बसवलेला आरशाचा एक बारका तुकडा. तांड्यात अशी ओढणी अजून घेणाऱ्या बाया तीन-चारच उरल्या होत्या. त्यांतली एक त्याची आई, आणि दुसरी रुखमाबाई, तिचं वावर याच वाटेवर. झाड जगलं होतं, वरच्या शेंगा भरत होत्या.

तो ते बघत असतानाच रुखमाबाई पलीकडून आली. डोक्यावर कापसाचं गाठोडं, तिच्यापेक्षा मोठं. नव्या पांदणीवर तिची पावलं भराभर पडत होती. तुरीशी येऊन ती थांबली, गाठोडं हाताने सावरलं आणि धुऱ्याने वळली. सगळ्या वावराला फेरा घालून यायचं म्हणजे साठ पावलांची तीनशे होत.

"माय," जीवनने हाक मारली. "मधातून ये ना. तुडवू दे, काही होत नाही."

ती चालत राहिली.

तो धुऱ्याने तिच्या मागे गेला. त्याला एकदम सगळं सांगून टाकावंसं वाटलं, फोनचंसुद्धा. "मी देतो म्हणतो," तो म्हणाला. "साठही पावलं. भावसिंगनं काही नाही देलं तरी. तू आता मधातून जा."

रुखमाबाई थांबली. गाठोड्यामुळे तिला मान वळवता येत नव्हती, म्हणून ती अख्खी वळली. तिच्या कपाळावर कापसाचे तंतू चिकटले होते. तिने त्याच्याकडे पाहिलं, तोंडावर राग नव्हता, दमलेली होती.

"मले सांगून काय होते, भिया," ती म्हणाली. "बैठकीत सांग."

आणि तुरीला वळसा घालून, धुऱ्याने, ती रोजच्यासारखी तांड्याकडे गेली.